घरात तंगी आहे

सास्तूर, कार्तिक वद्य ५, शके १८६५

चि. अण्णाराव यास सत्यभामेचा आशीर्वाद.

तुझं उत्तर येणार नाही असं धरूनच लिहायला बसले आहे, तेवढीच वाट पाहण्याची कटकट वाचते. सरकीच्या गाड्या उद्या सोलापूरला निघणार आहेत, त्यांच्याबरोबर हे पत्र धाडते. गिरणीच्या फाटकावर कुणी तुझं नाव विचारत आला तर त्याच्यावर खेकसू नकोस. त्या बिचाऱ्याचं आपल्या घरच्या भांडणाशी काही देणंघेणं नाही.

इकडं सर्व बरं आहे. बरं म्हणजे पत्रात लिहितात तसं बरं. ही लढाई कोणाची कोणाशी चालली आहे हे तुझ्या दाजींना अजून नीट उमगलेलं नाही, पण तिच्यापायी आमच्या पेवातली ज्वारी गेली एवढं त्यांना पक्कं कळलं. गिरदावर आला, पटवारी आला, त्यांनी पेव उघडायला लावलं आणि सक्तीच्या धान्यवसुलीचा, लेव्हीचा हुकूम वाचून दाखवला. हुकूम उर्दूत. दाजी प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. मी आतून म्हटलं, "अवो, कशाला व्हय व्हय करताय?" तर म्हणाले, "सरकारी बोलनं हाय, मधीच न्हाय कसं म्हनू?" असा माणूस आहे. त्यांच्यावर चिडावं तरी कसं ते मला इतक्या वर्षांत जमलेलं नाही.

नवी ज्वारी हाती यायला फाल्गुन उजाडेल. तोवर कसं काढायचं ते बघते आहे. तुझ्याकडं मागत नाही, घाबरू नकोस. कानडी मुलखातल्या आळंदचा माणिकप्पा म्हणून दाजींच्या ओळखीचा एक करडईचा व्यापारी आहे, त्याच्याकडं बंडप्पा गाडीवानाकरवी तोंडी निरोप धाडला आहे.

घरात खाणारी तोंडं तीन. तू म्हणशील, मूल ना बाळ, तुम्ही दोघंच, मग तिसरं कुणाचं? ठाऊक असून विचारशील. तिचं नाव काढलं की तू पत्र फाडतोस असं तुझ्या शेजाऱ्यानं इथं येऊन सांगितलं होतं. पण इथवर वाचलंस, तर आता फाडूनही उपयोग नाही. तिचं नाव गंगम्मा आहे. ती आपल्या अप्पांची लेक आहे. करडईच्या व्यापाराला अप्पा आळंदकडं जायचे आणि तिथं तिच्या आईशी त्यांनी लग्नावाचून संसार केला, त्या दुःखानं आपली आई झुरून गेली, यातलं मी काहीही विसरलेले नाही. पण तिची आई गेल्यावर त्या पोरीला कुणी नव्हतं. मी तिला इथं आणलं आणि त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलणं टाकलंस.

गावात कुणी विचारलं तर मी सांगते, कामाला ठेवली आहे. ती मला बाई म्हणते. आता झालं ना तुझं समाधान?

थंडी पडू लागली आहे. छातीला जपत जा.

तुझी अक्का


सास्तूर, मार्गशीर्ष शुद्ध ४

चि. अण्णाराव,

आज पत्र जरा बसून वाच. गंगम्माला स्थळ आलं आहे.

आलं म्हणजे मीच आणवलं. पोर मोठी झाली, किती दिवस तिला चुलीपुढं बसवून ठेवायची? म्हणून मी निरोप धाडला, आणि माणिकप्पा स्वतः बंडप्पाच्या गाडीतून आला. त्याची बहीण सिद्धम्मा, तिचा मुलगा शरणबसप्पा. आळंदच्या अलीकडं त्यांचा पानमळा आहे, विहिरीला बारमाही पाणी. मुलाला मराठी बाजारापुरतंच येतं, पण त्याला बायकोशी बाजार थोडाच करायचा आहे? माणसं आपल्यातलीच, लिंगवंत, घर खाऊनपिऊन सुखी. सिद्धम्मानं पोरीला चालवून पाहिलं नाही, दात पाहिले नाहीत, केस मोजले नाहीत. तिच्या हातचं पाणी प्याली आणि तिला जवळ बसवून घेतलं. मला ती बाई फार आवडली. बोलते मात्र आपल्या गावच्या गोदाक्कासारखं, समोरच्याची फे फे उडवते.

आता तुझ्याकडचं काम. मार्गशीर्षाच्या अमावास्येला येळवस, तिच्या आसपास ते लोक पुन्हा येणार आहेत. तेव्हा सुपारी फोडायची. त्यांच्या घराची रीत अशी की मुलीच्या भावानं आपल्या हातानं सुपारी द्यायची. भाऊ एकच आहे, तो सोलापुरात रुसून बसला आहे. तू ये. तुझा तो काळा कोट अजून धड असेल तर घालून ये, नसेल तर साध्या सदऱ्यावर ये. भांडायचं असेल तर सुपारी झाल्यावर भांड, मी तयार आहे.

तू विचारशील, त्यांना काय सांगितलंस, ही तुझी कोण? मी बहीण म्हणाले. धाकटी बहीण. एवढंच सध्या त्यांना ठाऊक आहे.

ज्वारीचं अजून काही जमलेलं नाही. त्याबद्दल मी बंडप्पाला बरंच काही बोलले, पण ती गोष्ट निराळी आहे.

तुझी अक्का


सास्तूर, मार्गशीर्ष वद्य ६

अण्णाराव,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि आधी आनंदानं डोळेच भरले, मग वाचलं. "बहीण मला एकच होती." होती? अरे, मी अजून दोन्ही वेळा जेवते आहे. आणि पुढं लिहितोस की मी ठरवून, आईच्या माघारी, त्या बाईच्या लेकीला आईच्या पंगतीत बसवते आहे. ठरवून! मी काही ठरवलेलं नाही. मागच्या पत्रात मोठेपणानं लिहिलं की स्थळ मीच आणवलं, ते खोटं होतं. खरं काय घडलं ते ऐक, आणि हसू आलं तर खुशाल हस, पण हसून झाल्यावर विचार कर.

मी बंडप्पाला सांगितलं होतं, "माणिकप्पाला म्हनावं, घरात तंगी हाय, बघा कुठं जमतंय का." धान्याची तंगी. दुसरं काय असणार? बंडप्पा मान हलवून गेला. त्यानंतर एके दुपारी त्याची गाडी दारात आली. तुझे दाजी सकाळपासून कणगी सारवून, वाळवून तयार होते. गाडीतून बंडप्पा उतरला, माणिकप्पा उतरला आणि मागून हिरवं इरकल नेसलेली एक बाई उतरली. मी गाडीच्या मागं जाऊन पाहून आले. एकही पोतं नाही. टोपलीत खण, बांगड्या आणि विड्याची पानं. म्हटलं, मोठी माणसं आहेत, आधी पानसुपारी करतील, पोती मागाहून येतील.

बसल्यावर माणिकप्पा म्हणाला, "बंडप्पानं निरोप दिला. घरात तंगी हाय, बघा कुठं जमतंय का. म्या म्हनलं, जमतंय की! न जमायला काय झालं?"

मला इतकं हायसं वाटलं की मी म्हटलं, "लई उपकार झाले बघा तुमचे."

मग त्या बाईनं, म्हणजे सिद्धम्मानं विचारलं, "तंगी केवढी हाय?"

"लई मोठी हाय वो. गेल्या दोन सालांत तर लईच वाढली. आमाला झोप न्हाय."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "दिसायला कशी हाय?"

मला वाटलं, कानडी बाई आहे, मराठी वाकडंतिकडं बोलत असेल. मी म्हटलं, "दिसायला काय, त्या कनगीत डोकावून बघा की."

अण्णाराव, ती बाई उठून कणगीत डोकावली. आत पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, मग भावाकडं. आणि भावाला कानडीत हळूच म्हणाली, ही बाई आपल्या तंगीला कणगीत ठेवते की काय. ते वाक्य कानावर पडलं आणि मला उमगलं. कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. हे का मला माहीत नव्हतं? जन्म सगळा या मुलखात गेला, बाजारात हा शब्द रोज ऐकते. पण मला तेव्हा पोटाची तंगी दिसत होती, दुसरं काही सुचत नव्हतं. बंडप्पाच्या घरची बोली कानडी. त्यानं माझा निरोप जाऊन सांगितला तो असा, "मन्याग तंगी इद्दाळ, नोड्री." घरात धाकटी बहीण आहे, बघा. आणि लग्नाच्या पोरीसाठी कुठं जमतंय का बघा म्हटल्यावर कुणीही स्थळच बघणार.

मी तोंड उघडणार होते. "चूक झाली, आमच्यात तंगी न्हाय," हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात दारात गंगम्मा दिसली, कडेवर घागर. विहिरीवर बैलांना पाणी पाजताना बंडप्पानं तिला सगळं सांगून टाकलं होतं, तिच्या भाषेत, की तुझ्या अक्कानं तंगीला स्थळ बघायला सांगितलं म्हणून हे पाहुणे आले आहेत. तिनं घागर खाली ठेवली. तिचं ते तोंड मी तुला लिहून दाखवू शकत नाही. दोन वर्षांत ती माझ्यासमोर कधी मान वर करून उभी राहिली नव्हती, ती त्या दिवशी राहिली. आणि म्हणाली, "अक्का, पाव्हन्यांस्नी पानी देऊ का?"

मला बाई म्हणणारी पोर, अक्का म्हणाली. ओठांवर आलेलं मी गिळलं. म्हटलं, "दे. आन आत जाऊन लुगडं बदलून ये."

पाहुणे गेल्यावर दाजी रिकाम्या कणगीकडं बघून म्हणाले, "ज्वारी न्हाय आली."

मी म्हटलं, "आता सांगू का त्यांस्नी, निरोप चुकला म्हून?"

ते म्हणाले, "पोरीनं अक्का म्हनलं. ते काय माघारी घेतीस व्हय?"

तर असं आहे. मी तिला भाकरी दिली, लुगडी दिली, आजारात काढा दिला. नातं दिलं नव्हतं. ते बंडप्पानं देऊन टाकलं, तेही चुकून. पण आता ते माझ्याकडं आलं आहे आणि मला ते सोडवत नाही. आईचा विचार मी केला नाही असं समजू नकोस. आईला ती पोर कधी भेटली नाही. तिची आई वाईट असेल, अप्पा वाईट असतील, पोरीनं काय केलं? ते दोघं वागले तेव्हा ती जन्मली पण नव्हती.

सुपारीला ये. हुकूम म्हणून लिहीत नाही, विनंती म्हणूनच लिहिते. माझ्याकडून विनंती तू कधी ऐकली नसशील, तेव्हा जपून वाच.

तुझी अक्का


सास्तूर, पौष शुद्ध २

चि. अण्णाराव,

येळवस झाली. तू आला नाहीस. दाजी सकाळपासून बांधावर चढून उमरग्याच्या वाटेकडं बघत होते आणि मी विचारलं की म्हणत होते, पाखरं हाकलतोय. कडब्याची खोप केली, पाच दगडांचे पांडव मांडले, आंबील शिंपडत ओलगे ओलगे करत शेताला फेरी घातली. भज्जीत घालायला शेंगा होत्या, भाज्या होत्या, पीठ मात्र शेजारच्या सिताबाईकडून उसनं आणलं. येळवशीला कुणी उपाशी राहत नाही, तसे आम्हीही राहिलो नाही.

सिद्धम्मा काल आली, सणाच्या दुसऱ्या दिवशी, थेट शेतात. शिळी भज्जी तिच्या पुढ्यात ठेवली तर म्हणाली, शिळीच चांगली लागते. ती जेवत असताना मी म्हटलं, आता सांगून टाकावं. मुलगी देताना खोटं देऊ नये. आधी ज्वारीचं सांगितलं. निरोप कसला होता आणि पोचला कसला. ती घास हातात धरून ऐकत होती. मग अशी हसली, अशी हसली की खोपीतून दाजी धावत बाहेर आले, म्हणाले, इंगळी चावली का काय पाव्हनीला.

"म्हून मला कनगीत बघ म्हनलीस!" आणि पुन्हा हसू.

मग मी दुसरं सांगितलं. "गंगम्मा माझ्या आईची लेक न्हाय. आमच्या अप्पांची हाय. तिच्या आईसंगं लगीन लागलं न्हवतं."

तिचं हसू थांबलं. हात धुतला, पदराला पुसला. म्हणाली, "ते मला पयल्या दिवशीच ठावं व्हतं. आळंदच्या बाजारात कोन कुनाची ते झाकून ऱ्हातंय व्हय?"

"मग आलाव कशाला?"

"नुसती पोर हाय, कुनी बघा, असा निरोप असता तर म्या गाडीत पाय ठिवला नसता. तंगी हाय म्हनलीस, म्हून आले. मला वाटलं, बापाचं पाप पोरीच्या डोक्यावर न ठेवनारं घर हाय, हितली पोर करावी. आता तू म्हनतीस, तसं म्या म्हनलेच न्हवते."

मी म्हटलं, "तवा न्हवते म्हनले. आता म्हनते."

तिनं ताट बाजूला सारलं. म्हणाली, "तू म्हनलीस तर ते तुझं चांगुलपन झालं. भाऊ म्हनला, म्हंजे घर झालं. उद्या माझ्या भावकीतल्या बाया हिला टोचून बोलतील, तवा म्या सांगनार काय? हिच्या भावानं सुपारी दिलीया, एवढंच. पौषात सोयरीक नको. माघात वसंतपंचमीला येते. भाऊ उभा असंल तर सुपारी घेते. नसंल तर भज्जी खाऊन जाईन, राग न्हाय."

यात तिचं काय चुकलं ते तूच सांग. मला सापडलं नाही.

एक मात्र वाईट झालं. सिद्धम्माचं ते हसणं आणि ज्वारीची गोष्ट गंगम्मानं खोपीमागून ऐकली. तिला वाटत होतं की मी तिला बहीण म्हणून निरोप धाडला. आज सकाळी ती माझ्याजवळ आली आणि विचारलं, "बाई, चूल पेटवू का?"

मी म्हटलं, "अक्का म्हन."

तर खाली मान घालून म्हणाली, "चुकून म्हनले व्हते."

"चूक बंडप्पाची. तुझी न्हाय, माझी बी न्हाय."

ती चूल पेटवायला गेली. तेव्हापासून दिवसभरात तिनं मला हाकच मारलेली नाही, ना बाई ना अक्का. नुसती समोर येऊन उभी राहते आणि मी बघेपर्यंत थांबते. मला रडू आवरत नाही रे. मी काय एवढी रडणारी बाई आहे का?

तू एकदा तरी तिच्याशी बोल. अप्पा तिच्या घरीच वारले, आपण पोचलो तेव्हा माती झालेली होती. तू उंबऱ्यावरूनच मागं फिरलास. मीही काही विचारलं नाही, आणून घरात ठेवली तरी विचारलं नाही. शेवटच्या दुखण्यात त्यांना उठवणारी, बसवणारी, पेज पाजणारी ही होती. ते काय बोलले, आपली नावं काढली की नाही, हे जगात एकट्या तिला ठाऊक आहे. तुला ते ऐकायचं नसेल तर तसं लिही. पण मला माहीत आहे तुला ऐकायचं आहे. तू लहानपणी अप्पांची गाडी दिसेपर्यंत जेवत नव्हतास.

आज संध्याकाळी बंडप्पा ज्वारीची पोती टाकून गेला. सिद्धम्मानं परत जाताना उमरग्याच्या बाजारातून धाडली. वर निरोप, की ह्यो तंगीचा अहेर न्हाय, ही तंगीवर ज्वारी हाय. या बाईपुढं मी हात टेकले.

वसंतपंचमी. विसरू नकोस.

तुझी अक्का


सास्तूर, माघ शुद्ध ८

चि. अण्णाराव,

तू सोलापूरला सुखरूप पोचला असशील. आता तू म्हणशील, मी स्वतः येऊन गेलो आणि ही मलाच माझी हकीकत लिहून कळवते आहे. पण तू त्या दिवशी कुणाकडं बघतच नव्हतास. नजर सगळा वेळ स्वतःच्या पायांवर. म्हणून काय काय घडलं ते तुला सांगायलाच हवं.

पाहुणे येऊन बसले होते, शरणबसप्पाही होता, दुपार कलायला आली होती आणि तुझा पत्ता नव्हता. माणिकप्पा टोपलीतली पानं पुन्हा पुन्हा पुसत होता. मी चुलीपाशी बसून भज्जीच्या पातेल्यात रडत होते, ती थोडी खारट झाली ती त्यामुळंच. तेवढ्यात दाजी ओरडले, "कोट आला!" तू आलास असं नाही म्हणाले, कोट आला म्हणाले. मोटार बंद पडली म्हणून तू निम्मी वाट पायी आलास, हे मला नंतर दाजींकडून कळलं. मला तर तू एक शब्दही बोलला नाहीस. पाय धुतलेस आणि जाऊन बसलास.

सिद्धम्मानं तुला विचारलं, "ही पोर तुमची कोन?" तू इतका वेळ कोटाची गुंडी चाचपत राहिलास की मला वाटलं, हा आता उठतो आणि आल्या पावली जातो. गंगम्मा दाराआड उभी होती, तिनं चौकट घट्ट धरली होती. मग तू घसा खाकरून म्हणालास, "माझी बहीण. धाकटी. आमच्या अप्पांची लेक." अप्पांची लेक हे तुला कुणी विचारलं नव्हतं. ते तू आपण होऊन म्हणालास, सगळ्यांदेखत, आणि त्यानंतर त्या घरात कुणाला काही लपवायचं राहिलं नाही. मग तू सुपारी दिलीस. सिद्धम्मानं ती कपाळाला लावून घेतली, ते तरी पाहिलंस का?

आणि मग तू जेवायला न थांबता विहिरीकडं गेलास. मी ताट वाढून बसले. गंगम्मा तांब्या घेऊन तुझ्यामागं गेली, तिला मी पाठवलं नव्हतं. तुम्ही दोघं मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या काठावर बसलात. मी लांबून बघत होते, ऐकू काही येत नव्हतं. आधी तीच बोलत होती आणि तू खाली बघत होतास. मग तू कोटाच्या बाहीनं तोंड पुसलंस. मग एकदम हसलास, मोठ्यानं, तसा तू आई असताना हसायचास. काय सांगितलं तिनं, म्हणून मी नंतर विचारलं. रेड्यावर बसून गावाला जायला निघालेला तू ओढ्यात पडलास ती गोष्ट. अप्पा तिला आपल्या दोघांच्या गोष्टी सांगायचे, रोज, तिच्या आईनं ऐकून ऐकून कान झाकले तरी. अण्णाराव, ती आपल्याला जन्मापासून ओळखत होती. तू कैऱ्या कुठं लपवायचास, मी भांडताना कोणत्या शिव्या देते, सगळं तिला पाठ. आणि माझ्या घरात ती दोन वर्षं पाहुण्यासारखी वावरत होती, कारण मी तिला काही विचारलंच नाही.

अप्पा शेवटी काय म्हणाले, ते तिनं तुला सांगितलं असेल. मला अजून सांगितलेलं नाही. म्हणाली, अण्णा म्हनले, तुमी दोघी बसून एकदा नीट बोला. बरं. बोलू.

जेवण निवून गेलं होतं, तरी तू सगळं खाल्लंस आणि खारट आहे असंही म्हणालास. एवढा एक शब्द तू माझ्याशी बोललास. मी तो जपून ठेवला आहे.

लग्न फाल्गुनात, ज्वारीची रास झाली की. सिद्धम्माकडचे लोक मोठे आहेत, सगळे येणार. तिच्या माणसांना मी आपल्या चालीरीती सांगून ठेवते आहे, कारण त्यांच्याकडच्या निराळ्या. आपल्यात मांडवात नवरीचा भाऊ नवऱ्या मुलाचा कान पिळतो, हे तिकडं कुणाला ठाऊक नाही. आधी सांगितलं नाही तर शरणबसप्पा भर मांडवात तुझ्या अंगावर धावून यायचा. तो पानमळ्यात राबणारा गडी आहे, तू गिरणीतला कारकून. तुझं काही खरं नाही.

तुझी गाडी वळणाआड गेली तेव्हा मी अंगणातच उभी होते. गंगम्मा तुला पोचवून वाटेवरून पळत आली. धापा टाकत होती. मी म्हटलं, काय झालं, काही विसरला का हा? तिनं मान हलवली, हसू दाबलं, आणि म्हणाली, "अक्का, अण्णा इचारत व्हते, त्येंचा कान पिळायला वर हात करावा लागंल का खाली वाकावं लागंल?"

म्हटलं, "तूच सांग, तू बघितलंयस." ती पदर तोंडाला लावून आत पळाली.

मुलगा उंच आहे. तुला टाचा वर कराव्या लागतील. तू आदल्या दिवशीच ये.

तुझी अक्का